क्लार्कनवेल: कायदा होता, पण कोणाच्या हातात?

बोलिंग ग्रीन लेनवरच्या ३६ नंबरच्या घरात, जमिनीखालच्या मागच्या स्वयंपाकघरात सहा माणसं राहत होती. घर बांधलं तेव्हा तिथे खरोखरच स्वयंपाक होत असणार. १८८४ साली मात्र त्या सहा जणांचं चूल, बिछाना, कपडे, आजारपण सगळं त्याच एका तळघरात होतं. जवळच बोल्टन कोर्टात (कोर्ट म्हणजे घरांनी वेढलेलं आतलं आवार) दोन लहान खोल्यांत दहा जणांचं एक कुटुंब होतं. नोबल स्ट्रीटच्या एका घरात सहा खोल्यांत पाच बिऱ्हाडं, माणसं २६. सेंट हेलेना प्लेसमध्ये सहा खोल्या, सहा बिऱ्हाडं, आणि एका खोलीत आठ माणसं. विल्मिंग्टन प्लेसमध्ये ११ खोल्यांत ११ बिऱ्हाडं. ॲलन स्ट्रीटवरच्या एका छोट्या घरात ३८ माणसं. नॉर्थॅम्प्टन कोर्टातल्या दोन खोल्यांच्या घरात १२ माणसं, त्यांतली आठ एकाच खोलीत.

ही माहिती श्रमिकांच्या घरांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढच्या साक्षींतून आली आणि १८८५ मध्ये अहवालात छापली गेली. ही सगळी घरं लंडनच्या एकाच पॅरिशमधली: सेंट जेम्स अँड सेंट जॉन, क्लार्कनवेल.

हे प्रकरण मी गर्दीसाठी निवडलेलं नाही. गर्दी तेव्हा लंडनभर होती. पण क्लार्कनवेलमध्ये कायदे होते, ते राबवायला निवडून आलेली संस्था होती, पगारी आरोग्य अधिकारी होता, निरीक्षक होते, कराचा पैसा येत होता. एवढं असूनही बोलिंग ग्रीन लेनचं तळघर तसंच राहिलं. ते का राहिलं याचं उत्तर आयोगाने आकड्यांसकट लिहून ठेवलं आहे. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अपयशाची कारणं बहुतेक वेळा अंदाजाने शोधावी लागतात. इथे ती कागदावर आहेत.

पॅरिश आणि तिथली घरं

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या पाद्र्याने सांभाळायची वस्ती. व्हेस्ट्री हा शब्दही चर्चमधलाच, पाद्र्याचे झगे जिथे ठेवतात त्या खोलीचा. गावातले करदाते त्या खोलीत जमून गरिबांची मदत, रस्ते, कर यांचं ठरवत, म्हणून पुढे त्या सभेलाच व्हेस्ट्री म्हणू लागले. १८५५ च्या महानगर व्यवस्थापन कायद्याने लंडनमधल्या मोठ्या पॅरिशच्या व्हेस्ट्र्यांना जवळजवळ नगरपालिकेचं काम दिलं. करदात्यांनी सदस्य निवडायचे, दर वर्षी एक तृतीयांश सदस्य बदलायचे, स्थानिक गटारं, रस्ते, कचरा आणि आरोग्य व्हेस्ट्रीने सांभाळायचं. प्रत्येक व्हेस्ट्रीने एक आरोग्य अधिकारी आणि निरीक्षक नेमणं सक्तीचं झालं. सदस्य व्हायला मात्र ठरावीक किमतीची मालमत्ता ताब्यात असावी लागे. भाड्याच्या एका खोलीत राहणारा माणूस व्हेस्ट्रीत बसू शकत नव्हता.

क्लार्कनवेल सिटी ऑफ लंडनच्या वायव्येला, फ्लीट नदीच्या उतारावर आहे. क्षेत्रफळ सुमारे ३८० एकर आणि १८८१ च्या जनगणनेत वस्ती सुमारे ६९,०००. म्हणजे एकरी १८० माणसं, आणि त्या एकरांत रस्ते, कारखाने आणि तुरुंगही आले. लंडनला पाणी देणाऱ्या न्यू रिव्हर कंपनीचे मोठे तलाव याच पॅरिशमध्ये होते. सतराव्या शतकापासून हर्टफर्डशायरचं झऱ्याचं पाणी कालव्याने इथे येऊन पुढे शहरात जात होतं. त्याच पॅरिशमध्ये १६ घरांना मिळून एक संडास असल्याची नोंद आयोगापुढे झाली.

हे कारागिरांचं गाव होतं. घड्याळं, दागिने, खोदकाम, छपाई, पुस्तकबांधणी. घड्याळाचं काम तर घराघरांत वाटलेलं असे. एक जण चाकं कापतो, दुसरा स्प्रिंग करतो, तिसरा तबकडी रंगवतो, आणि अर्धवट घड्याळ या दारातून त्या दारात फिरतं. या धंद्यात लांब राहून चालत नाही. हमाल, फेरीवाले, रोजंदारीवाले यांनाही पहाटे काम मिळेल तिथेच राहावं लागे. ट्रॅमचं भाडं परवडत नसे, आणि परवडलं तरी कामाची खबर मिळायची गल्लीतच. शहराबाहेर मोकळी स्वस्त घरं असताना लोक इथेच का दाटले, असा प्रश्न आयोगाच्या काळातही विचारला गेला. त्याचं उत्तर त्यांच्या पोटापाण्यात होतं.

दुसरी गोष्ट घरांची. मुंबईची चाळ बांधतानाच खोलीवार भाड्याने द्यायची म्हणून बांधली जात असे. क्लार्कनवेलची घरं तशी नव्हती. ती एका कुटुंबासाठी बांधलेली तीन-चार मजली घरं होती, तळघरात स्वयंपाकघर, मागे एक संडास, पाण्याची एक टाकी. कालांतराने बरी माणसं उपनगरांत गेली आणि घराच्या खोल्या सुट्या झाल्या. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत मालकाच्या पश्चात खण-खण वेगळा करून बिऱ्हाडं ठेवली जात, ते पाहिलेल्याला हे चित्र लगेच कळेल. फरक एवढाच की वाड्याला मधला चौक असे. इथे चौक नव्हता, मागचं अंगण नव्या बांधकामाने भरलेलं होतं, आणि एका कुटुंबापुरता संडास सहा-सात कुटुंबं वापरत होती.

काही कुटुंबांना त्याच खोलीत काम करावं लागे. आयोगाच्या अहवालात काड्यापेट्या चिकटवणं, पोती शिवणं, सशांच्या कातड्यावरचे केस उपटणं अशा घरगुती कामांची नोंद आहे. केस उपटण्याच्या कामात खोलीभर बारीक लव उडते, ती अन्नात जाते आणि श्वासातही. घरात माणूस मेला की पुरण्याचे पैसे जमेपर्यंत प्रेत त्याच खोलीत राहायचं, मुलं त्याच खोलीत झोपायची. लंडनच्या एकखोली बिऱ्हाडांत हे नेहमीचं होतं.

घरांचा मक्ता

जमीन बरीचशी नॉर्थॅम्प्टनच्या मार्क्विसची, म्हणजे एका बड्या उमरावाची, होती. पूर्वजांनी ती लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली. पट्टा घेणाऱ्याने घर बांधायचं, मुदतभर थोडं जमीनभाडं द्यायचं, मुदत संपली की जमीन आणि घर दोन्ही मालकाकडे परत. पट्ट्याची शेवटची दहा-पंधरा वर्षं उरली की घराची डागडुजी करण्यात कोणालाच रस उरत नाही. थोड्या वर्षांनी घर आपलं राहणार नाही, मग छप्पर का दुरुस्त करा?

ही शेवटची वर्षं विकत घेणारे लोक होते. लंडनच्या बोलीत त्यांना ‘हाउस फार्मर’ म्हणत, आणि मराठीत त्याला नेमका शब्द आहे, मक्तेदार. पेशवाईत महालाचा वसूल मक्त्याने घ्यायचे तसा हे घराचा वसूल मक्त्याने घेत. वर ठरलेली रक्कम भरायची, खालून जेवढं निघेल तेवढं काढायचं. त्यांना आणखी एक नाव होतं, ‘हाउस नॅकर’. नॅकर म्हणजे थकलेला घोडा विकत घेऊन त्याचं कातडं आणि हाडं विकणारा. लोकांनी हे नाव विचार करून ठेवलेलं दिसतं.

हिशोब करून पाहा (बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड). आयोगापुढच्या साक्षीनुसार गरीब वस्त्यांत एका सुट्या खोलीचं सरासरी भाडं आठवड्याला तीन शिलिंग पावणेअकरा पेन्स होतं. दोन खोल्यांचं सहा शिलिंग, तीन खोल्यांचं सात शिलिंग सव्वापाच पेन्स. म्हणजे खोल्या जितक्या सुट्या कराल तितकं प्रत्येक खोलीमागे भाडं जास्त. सहा खोल्यांचं घर सहा बिऱ्हाडांना दिलं तर वर्षाला साठ पौंडांहून थोडे जास्त येतात. तेच घर तीन-तीन खोल्या करून दोन कुटुंबांना दिलं तर चाळीसही येत नाहीत. घर मोडकं असो वा नीट, हा फरक तसाच राहतो. त्यामुळे गर्दी हाच मक्तेदाराच्या नफ्याचा पाया होता.

भाडेकरूच्या बाजूनेही बघायला हवं. शाळा मंडळाच्या निरीक्षकाने क्लार्कनवेलसह काही गरीब वस्त्यांची पाहणी केली होती. त्या पाहणीत ८८ टक्के कुटुंबं कमाईच्या एक पंचमांशाहून जास्त भाड्यात घालत होती, आणि ४६ टक्के कुटुंबं पाव ते अर्धी कमाई. कामाचा एक खाडा झाला की भाडं थकायचं.

बहात्तर खुर्च्या

आता व्हेस्ट्रीकडे येऊ. क्लार्कनवेलच्या व्हेस्ट्रीत ७२ सदस्य होते. सभेला सरासरी २५ ते ३० हजर असत. त्या सदस्यांत १३-१४ जणांचे हितसंबंध वाईट किंवा संशयास्पद घरांत गुंतलेले होते, आणि त्यात कित्येक मक्तेदारच होते. शिवाय दहा जण दारूची दुकानं चालवणारे, आणि एक-दोन सोडले तर तेही मतदानात याच गटाबरोबर जातात अशी त्यांची ख्याती.

बेरीज करा. तेरा-चौदा आणि आठ-नऊ म्हणजे बावीसच्या आसपास मतं. तीस जणांच्या सभेत हे बहुमत झालं. बहात्तरात ते एक तृतीयांशही नाहीत. बाकीचे सभेला येत नव्हते म्हणूनच त्यांचं राज्य चाललं. मला या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. मक्तेदारांनी सत्ता बळकावली नाही. चाळीस-पंचेचाळीस प्रतिष्ठित माणसांनी संध्याकाळी घरी बसून ती त्यांना दिली.

आणि सर्वसाधारण सभा ही वरची पायरी. खरं काम समित्यांत होई. बांधकाम समितीत मक्तेदारांचं वजन होतं. १८८३ मध्ये घरदुरुस्ती आणि वस्ती हटवण्याचे कायदे राबवण्यासाठी खास समिती नेमली, तिच्यातही तेच. कर आकारणी समितीतही तेच. म्हणजे ज्या घराची तक्रार आली ते घर राहण्यालायक आहे का, हे ठरवायला घराचा मक्तेदार किंवा त्याचा सोबती बसलेला. त्या घरावर कर किती बसवायचा, हे ठरवायलाही तोच. पॅरिशच्या दोन पुढाऱ्यांना तर अहवालाने पॅरिशचे जोड-हुकूमशहा म्हटलं आहे.

सगळ्या देशासाठी लिहिलेल्या सरकारी अहवालात एका वस्तीच्या सभेबद्दल इतकं उघड लिहिलेलं क्वचित सापडतं. आयोगाचे अध्यक्ष सर चार्ल्स डिल्क होते, आणि त्यांनी हा भाग ऐकून लिहिलेला नव्हता. १८८३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या गरिबांवरची एक पेनीची पुस्तिका निघाली आणि सगळीकडे खळबळ उडाली, तेव्हा स्थानिक कारभार मंडळ या सरकारी खात्याचे प्रमुख म्हणून डिल्क स्वतः क्लार्कनवेलच्या गल्ल्यांत फिरून आले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर त्यांच्या खात्याने व्हेस्ट्र्यांना परिपत्रक पाठवलं. कोणते अधिकार तुमच्या हातात आधीच आहेत, ते त्यात सांगितलं होतं.

एका तक्रारीचा प्रवास

ते अधिकार कमी नव्हते. १८५५ च्या उपद्रव निवारण कायद्याने तुंबलेली मोरी, भरलेला संडास, राहण्यास घातक घर यांबद्दल नोटीस देता येई आणि दंडाधिकाऱ्याकडे जाता येई. १८६६ च्या स्वच्छता कायद्याने गर्दी हाही उपद्रव ठरवला. त्याच कायद्याच्या ३५ व्या कलमाने खोलीवार भाड्याने दिलेल्या घरांची नोंदणी करून त्यांना नियम लावण्याची सोय झाली: खोलीत माणसं किती, संडास किती, चुना कधी मारायचा, तपासणी केव्हा करायची. १८६८ च्या टॉरेन्स कायद्याने एकेक वाईट घर दुरुस्त करायला किंवा पाडायला लावता येई, आणि १८७५ च्या क्रॉस कायद्याने अख्खी वस्ती हटवता येई.

माझ्या मते यात ३५ वं कलम सगळ्यात मोलाचं होतं, कारण ते घर मोडण्याआधीच काम करतं. पण ते ऐच्छिक होतं. व्हेस्ट्रीने ठरवलं तरच नियम लागू. लंडनच्या जवळजवळ चाळीस स्थानिक संस्थांत हे कलम मनापासून वापरणाऱ्या म्हणून आयोगाला चेल्सी आणि हॅकनी अशी दोनच नावं देता आली. क्लार्कनवेलसारख्या सभेने हे नियम स्वतःहून स्वतःला लावून घ्यावेत, अशी अपेक्षा कोणी कशी केली असेल, हे मला कळत नाही.

आता समजा, एखाद्या कोर्टातली बाई निरीक्षकाकडे जाऊन म्हणाली की संडास ओसंडून वाहतोय. निरीक्षक येणार, वहीत लिहिणार. त्याला दिवसा ९ ते ६ या वेळेत घरात शिरण्याचा अधिकार होता. मोरी आणि संडास त्याला दिसतील, पण गर्दी दिसणार नाही. गर्दी रात्रीची असते. दुपारी दोन वाजता बापे कामावर, मुलं गल्लीत आणि बिछाने कोपऱ्यात. पुढे नोटीस निघणार, आणि मक्तेदार थोडी मलमपट्टी करणार. नाही केली तर प्रकरण समितीपुढे जाणार, आणि खटला भरायचा का हे समिती ठरवणार. समितीत कोण बसलंय ते वर सांगितलं.

तक्रार करणाऱ्या बाईचं काय होई, हेही लक्षात घ्यायला हवं. ती आठवड्याच्या भाड्याने राहते. मक्तेदाराला तिचं नाव कळलं की आठवड्याची सूचना, की झालं. म्हणून तक्रारी मुळातच थोड्या येत, आणि तक्रारी नाहीत म्हणजे सगळं बरं आहे असं सभेत म्हणता येई.

निरीक्षक दोन होते. ६९,००० वस्तीला दोन. माइल एंडमध्ये तर एक लाखाहून जास्त वस्तीला एकच निरीक्षक होता. या कामासाठी आधीचं शिक्षण लागत नसे. कोणीही बरा माणूस नेमला की तो निरीक्षक. त्याचा पगार व्हेस्ट्री ठरवी, त्याला काढायचा अधिकारही तिचाच. आरोग्य अधिकारी डॉ. जे. डब्ल्यू. ग्रिफिथ अनेक वर्षं या पदावर होते, पण त्यांची नेमणूकही त्याच सभेची. अशा सभेच्या हाताखालचे निरीक्षक धडाडीने काम करत नसतील तर त्यात नवल नाही, अशा अर्थाचं वाक्य आयोगाने लिहिलं आहे. क्लार्कनवेलमध्ये जे चालतं ते लंडनच्या इतर काही भागांतही चालतं, असंही त्याने पुढे म्हटलं.

बाहेर काढायचं, पण कुठे?

इथपर्यंत गोष्ट सोपी वाटते: वाईट माणसं खुर्चीत बसली, म्हणून काम झालं नाही. आयोगाच्या वेळी वर्तमानपत्रांनी ती अशीच सांगितली. पण मी तिथे थांबायला तयार नाही. समजा, मक्तेदार सगळे हाकलले आणि व्हेस्ट्री प्रामाणिक झाली. मग निरीक्षकाने काय करायचं?

सेंट हेलेना प्लेसच्या त्या खोलीत आठ माणसं आहेत. कायद्याने त्यांतली चार-पाच बाहेर काढायला हवीत. ती जाणार कुठे? पलीकडच्या गल्लीतल्या तसल्याच खोलीत, बहुधा जास्त भाड्याने. एका घरातली गर्दी कमी झाली, पॅरिशमधली गर्दी तेवढीच राहिली, आणि एका कुटुंबाचा आठवड्याचा एखादा शिलिंग वाढला. लंडनच्या आरोग्य अधिकाऱ्यांना याच कारणाने गर्दीचा कायदा वापरायचा धीर होत नसे, आणि त्यात सगळेच भित्रे किंवा विकलेले नव्हते. आयोगापुढे एका घराचं वर्णन झालं: तीन खोल्या, १९ माणसं, आठ मोठी आणि ११ मुलं. ते सांगणारा साक्षीदार त्या भागातला अनुभवी माणूस होता. तो म्हणाला की या घराला दाटीवाटीचं म्हणणं त्याला जड जातं, कारण होबर्नजवळच्या रॉबिन हूड यार्डात एका खोलीत १२ माणसं त्याला माहीत होती. इतकं पाहिल्यावर माणसाची मोजपट्टीच बदलते.

आणि घरं पाडण्याचं काम तर जोरात चाललं होतं. फॅरिंग्डन रोड झाला, त्याच्या बाजूने १८६३ मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे आली, १८७८ पर्यंत क्लार्कनवेल रोड पुरा झाला. प्रत्येक कामात दाट वस्तीतूनच रस्ता काढला, कारण ती जमीन स्वस्त आणि तिथल्या लोकांना आवाज नव्हता. वस्ती साफ झाली, असं त्याचं कौतुकही झालं. हटलेली माणसं उरलेल्या गल्ल्यांत शिरली. पेअर ट्री कोर्टची वस्ती क्रॉस कायद्याखाली पाडली आणि १८८४ मध्ये तिथे श्रमिकांसाठी घरं बांधणाऱ्या पीबडी ट्रस्टच्या नीटनेटक्या इमारती उभ्या राहिल्या. बांधकाम चांगलं होतं, आजही उभं आहे. पण तिथलं भाडं आगाऊ आणि नियमित लागे, घरात धंदा करायला मनाई होती, आणि काड्यापेट्या चिकटवणाऱ्या विधवेला या दोन्ही अटी जमणाऱ्या नव्हत्या. नव्या इमारतीत बऱ्या कमाईचे कारागीर आले. पेअर ट्री कोर्टातली माणसं कोर्ट पाडण्याआधीच पांगली होती.

हीच चूक पुढे आमच्याकडे आली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार मंडळ स्थापन झालं, आणि त्याच्या कायद्यामागे ब्रिटनमधल्या वस्ती हटवण्याच्या कायद्यांचा नमुना होता. मंडळाची पहिली योजना नागपाड्याची. आधी पाडायचं आणि मग बांधायचं, या क्रमामुळे हटलेली माणसं शेजारच्या चाळींत दाटली. क्लार्कनवेलमध्ये १८८५ च्या आधीच हे सगळं पुराव्यानिशी कळलं होतं. जहाजातून कायद्याचा नमुना मुंबईला आला, त्याच्या चुकीचा धडा मात्र आला नाही.

अहवालानंतर

अहवाल आल्यावर क्लार्कनवेलची बदनामी देशभर झाली. १८८६ मध्ये सरकारने डी. क्युबिट निकोल्स यांना पॅरिशच्या तातडीच्या आरोग्यविषयक गरजांची वेगळी चौकशी करायला पाठवलं. मार्क्विसचे चिरंजीव लॉर्ड विल्यम कॉम्प्टन यांनी आयोगापुढे साक्ष दिली होती आणि आपल्याच जमिनीवरच्या मक्तेदारीबद्दल ते मोकळेपणाने बोलले होते. पिढ्यान्पिढ्या मधल्या माणसांच्या हवाली केलेल्या इस्टेटीत मालकालाही घराची खरी अवस्था माहीत नसते, हे त्या साक्षीतून दिसतं. मालकाला मी यातून मोकळं सोडत नाही. माहीत करून घेणं त्याच्या हातात होतं.

१८८५ च्या कायद्यात एक छोटं पण महत्त्वाचं कलम आलं: गरिबांना घर भाड्याने देताना ते राहण्यालायक असलं पाहिजे, ही अट करारात न लिहिताही धरली जाईल. १८८७ मध्ये पाणी कंपन्यांवर बंधन आलं. मालकाने पाणीपट्टी थकवली म्हणून भाडेकरूंचं पाणी तोडता येईना. तोवर मक्तेदाराच्या थकबाकीची शिक्षा खोलीतल्या बाईला होत होती.

क्लार्कनवेलच्या रोगावर खरं औषध १८९१ च्या लंडन सार्वजनिक आरोग्य कायद्यात आहे, असं मला वाटतं. ३५ व्या कलमातली ऐच्छिक गोष्ट आता सक्तीची झाली. खोलीवार भाड्याच्या घरांसाठी नियम करणं आणि ते राबवणं हे प्रत्येक व्हेस्ट्रीचं कर्तव्य ठरलं. आरोग्य अधिकाऱ्याला स्थानिक कारभार मंडळाच्या संमतीशिवाय काढता येईना. १८९५ पासून नव्या निरीक्षकाला परीक्षेचं प्रमाणपत्र लागू झालं. हे सगळं वाचताना क्लार्कनवेलचा अहवाल समोर ठेवावा. कायद्याची एकेक ओळ त्यातल्या एकेका दोषावर बसते. मग १८९४ च्या कायद्याने व्हेस्ट्री सदस्यत्वाची मालमत्तेची अटही गेली, आणि खोलीत राहणाऱ्याला निदान उमेदवार होता येऊ लागलं.

याच काळात आपल्या ओळखीचा एक माणूस या पॅरिशशी जोडला गेला. १८९२ च्या निवडणुकीत सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून, म्हणजे क्लार्कनवेलमधून, दादाभाई नौरोजी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी निवडून आले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस या घड्याळजींचा आणि छपाई कामगारांचा खासदार झाला. तिथल्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशोब मांडणाऱ्या दादाभाईंना आपल्या मतदारांच्या भाड्याचे आणि मजुरीचे आकडे परके वाटले नसतील, असं मी मानतो.

१८९५ मध्ये व्हेस्ट्रीने नव्या रोझबरी ॲव्हेन्यूवर दिमाखदार सभागृह बांधलं. तो रस्ताही दाट वस्तीतूनच काढलेला होता. पाच वर्षांनी व्हेस्ट्र्या बरखास्त झाल्या, क्लार्कनवेल फिन्सबरी बरोमध्ये (बरो म्हणजे नवी, मोठी नगरपालिका) विलीन झालं आणि ते सभागृह नव्या बरोचं झालं. तिथे आरोग्य अधिकारी म्हणून तरुण डॉ. जॉर्ज न्यूमन आले. पुढे ते देशाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. फिन्सबरीत असताना लहान मुलांसाठी स्वच्छ दुधाचं केंद्र १९०४ मध्ये सुरू झालं.

न्यूमन यांच्या फिन्सबरीतल्या कामातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते. जुन्या व्हेस्ट्रीच्या काळात मृत्युदर सगळ्या पॅरिशचा किंवा उपविभागाचा मिळून काढला जाई. त्यात चांगल्या चौकातलं घर आणि मागचं कोर्ट एकत्र मिसळत, आणि सरासरी दिसायला बरी दिसे. न्यूमन यांनी मृत्यू खोल्यांप्रमाणे मांडले: एका खोलीत राहणारे, दोन खोल्यांत राहणारे, तीन, चार आणि त्याहून जास्त. एकखोली बिऱ्हाडांतला मृत्युदर चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांच्या कित्येक पट निघाला. बोलिंग ग्रीन लेनच्या त्या तळघरासारख्या बिऱ्हाडांना बरोच्या आकडेवारीत तेव्हा कुठे स्वतःची रकाना-ओळ मिळाली.